गेमचे जॉनर निरर्थक आहेत म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस पुण्यातल्या गेमिंगच्या ग्रुप्सवर एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. आधी कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर आला, मग ऑफिसच्या, आणि काल आमच्या सोसायटीतल्या पोरांच्या ग्रुपवर पण कोणीतरी टाकला. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की गेमच्या जॉनरना, म्हणजे प्रकारांना, आता काही अर्थ उरलेला नाही. एक्सपी (खेळून मिळणारे अनुभवाचे गुण) आणि लेव्हल सगळीकडे आलेत म्हणून आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, हे नाव संपलं. रोगलाइक, म्हणजे 'रोग' (Rogue) या जुन्या गेमसारखे गेम, त्यांची व्याख्या २००८ साली बर्लिनमध्ये कायमची ठरलीये, हेडस, बालात्रो हे गेम त्यात बसत नाहीत, त्यामुळे त्यांना ते नाव लावणं ही फसवणूक आहे. सोल्सलाइक, मेट्रॉइडव्हेनिया अशी एखाद्या गेमवरून ठेवलेली नावं म्हणजे आजकालच्या लोकांचा आळस. ही सगळी लेबलं कंपन्यांनी माल खपवायला काढली. आणि शेवटी काय, तर खरे जॉनर तीनच, ॲक्शन, स्ट्रॅटेजी आणि पझल.

खाली धडाधड अंगठे पडतायत. मला यातलं जवळपास काहीच पटलेलं नाही, आणि हे गेम मी मनापासून खेळतो म्हणून गप्प बसवत पण नाही. एक तर एकाच मेसेजमध्ये रोगलाइकची व्याख्या पक्की आहे असंही म्हणायचं आणि जॉनरना अर्थच नाही असंही म्हणायचं, हे दोन्ही एकदम कसं चालेल? असो, एकेक घेतो.

आधी आरपीजी. म्हणणं असं की कॉल ऑफ ड्यूटीत पण एक्सपी मिळतो, लेव्हल वाढते, मग तो पण आरपीजीच की. त्याच मालिकेतल्या २००७ च्या मॉडर्न वॉरफेअरनंतर मल्टिप्लेअर शूटरमध्ये एक्सपी आणि अनलॉक सर्रास आले हे खरंय. पण एक्सपी कुठूनही उचलून कुठेही लावता येतो, तेवढ्यावरून काही ठरत नाही. बघायचं हे की वार लागला की नाही हे कोण ठरवतं. मॉडर्न वॉरफेअरमध्ये लेव्हल ५५ चा माणूस आणि लेव्हल ३ चा पोरगा समोरासमोर आले आणि पोराचा नेम चांगला असला तर पोरगा जिंकतो, विषय संपला. १९८१ च्या विझर्ड्रीत तुम्ही फक्त कोणावर वार करायचा ते सांगता, तो लागला का, किती लागला, हे तुमच्या फायटरची लेव्हल, समोरच्याचं चिलखत आणि पडद्यामागे पडलेला फासा ठरवतो, आणि ही पद्धत सरळ १९७४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्समधून आली, जो टेबलाभोवती बसून कागद-पेन्सिल घेऊन खेळायचा गेम होता. तीच गोष्ट १९८६ च्या ड्रॅगन क्वेस्टने जपानमध्ये घराघरात नेली. तिथे एखाद्या राक्षसाकडून हरलात तर बाहेर थोडं भटका, लेव्हल वाढवा आणि परत या, बोटं चपळ असायची गरजच नाही. हा फरक खेळणाऱ्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतो, मग नाव संपलं कसं म्हणायचं?

मधले गेम आहेतच, ते मी नाकारत नाही. १९९६ चा डिआब्लो आधी टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने चाल करायचा, म्हणून बनत होता, मोरिया आणि अँगबँडसारख्या जुन्या रोगलाइकवरून सुचलेला, बनता बनता तो न थांबता चालणारा, रिअल-टाइम झाला, आणि त्यात क्लिक तुमच्या हाताचं पण वार लागणार का ते आकड्यांवर. म्हणून तर त्याला ॲक्शन आरपीजी म्हणतात. दोन प्रकारांच्या मध्ये एक गेम उभा राहिला तर त्यामुळे दोन्ही प्रकार नाहीसे होत नाहीत.

आता रोगलाइक. इथे जरा वेळ घेणार आहे, कारण फॉरवर्डमधला सगळ्यात ठाम आणि सगळ्यात चुकीचा मुद्दा हाच आहे.

'रोग' हा गेम १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन पोरांनी लिहिला. त्यांना असा गेम हवा होता जो त्यांनी स्वतः लिहिला असला तरी खेळताना त्यांनाच धक्का देईल, कारण तेव्हाचे ॲडव्हेंचर गेम एकदा सुटले की संपले. म्हणून दर वेळी नवीन तळघर, नवीन वस्तू, आणि मेलात की सुरुवातीपासून. एक उदाहरण सांगतो. या डावात निळं औषध प्यायलात आणि जखम भरली, तर पुढच्या डावात तेच निळं औषध तुम्हाला आंधळं करू शकतं, कारण कुठल्या रंगात काय आहे हे दर डावाला बदलतं. जीव थोडासाच उरलाय, राक्षस शेजारच्या चौकोनात उभाय, पिशवीत एक अनोळखी औषध आहे, प्यायचं की पळायचं? मागे जाऊन सेव्ह उघडायची सोय नाही. खाणं पण संपत चाललंय त्यामुळे एका मजल्यावर रेंगाळता पण येत नाही.

रोगच्या आधी असा गेमच नव्हता असंही नाही. बनीथ ॲपल मॅनर १९७८ मध्येच ॲपल टू वर आला होता, त्यात पण दर वेळी नवीन बनणारं तळघर होतं. पण रोग बीएसडी युनिक्स या कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर विद्यापीठा-विद्यापीठात पोचला, तो खेळून लोकांनी हॅक, मोरिया, मग १९८७ मध्ये नेटहॅक असे गेम लिहिले, आणि नाव त्याचं लागलं.

मग बर्लिन. २००८ साली रोगलाइक बनवणाऱ्या लोकांची तिथे परिषद झाली आणि त्यांनी एक यादी केली. नऊ जास्त महत्त्वाच्या गोष्टी, सहा कमी महत्त्वाच्या. बदलणारी जागा, कायमचं मरण, टर्न-बेस्ड, चौकोनांची जमीन, वस्तू जपून वापरणं, शोधाशोध वगैरे पहिल्या गटात, आणि तळघर, अक्षरांनी काढलेलं चित्र हे दुसऱ्या गटात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ही यादी उतरवली पण तिच्यासोबत जे लिहिलंय ते सोडून दिलं. त्यात स्पष्ट म्हटलंय की यातल्या काही गोष्टी नसल्या म्हणून गेम रोगलाइक नाही असं होत नाही, आणि काही गोष्टी असल्या म्हणून तो रोगलाइक होतो असंही नाही, आणि बनवणाऱ्यांना बांधून घालणं हा हेतू नाही. म्हणजे ज्या कागदाचा दाखला देऊन तुम्ही लोकांना बाहेर काढताय तो कागदच तुम्हाला नको म्हणतोय!

आणि यादीने हे ठरणारही नाही. सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला बसणाऱ्या पुणेकरांना हे लगेच पटेल. भूप आणि देशकार, दोन्हीत सा रे ग प ध हेच पाच स्वर, यादी केली तर तंतोतंत तीच. पण भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, देशकाराचा धैवत, एक संध्याकाळचा, एक सकाळचा, आणि जाणकार माणूस दोन आलापांत ओळखतो. जोर कुठे आहे त्यावर राग ठरतो, गेमचंही तसंच आहे.

तर मग बालात्रो घ्या, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला. तळघर नाही, राक्षस नाही, चौकोन नाहीत, नुसते पत्ते. पण जोर कुठे आहे? दुकानात हवा तो जोकर दिसतोय, घेतला तर शिल्लक कमी होऊन व्याज बुडतं, नाही घेतला तर पुढचा ब्लाइंड, म्हणजे पुढची फेरी, निघेल का ते माहीत नाही, आणि चुकलं की सगळा डाव पहिल्यापासून. ते निळं औषध प्यायचं की नाही, तोच हा प्रश्न आहे. हेडसमध्ये मात्र जोर थोडा सरकलाय. मेल्यावर तुम्ही घरी परत येता, मिळवलेल्यातलं काही जवळ राहतं, त्यातून ताकद वाढवता, आणि गोष्ट तर मेल्याशिवाय पुढे सरकतच नाही. त्याला रोगलाइट, म्हणजे हलकं रोगलाइक, म्हणा, मला काही अडचण नाही, २०१३ च्या रोग लेगसीवाल्यांनी स्वतःच्या गेमला तेच म्हटलं होतं. फसवणूक कुठे झाली यात?

फॉरवर्डच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. सिंहगड रोडला राहणारा माझा मावसभाऊ हेडसवर फिदा आहे, त्याने स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात रोगलाइक टॅग बघून सेलमध्ये केव्ह्ज ऑफ कुड घेतला, आणि टर्न-बेस्ड चौकोनांवरचा तो अवाढव्य गेम उघडून बसला तेव्हा काय करायचं हेच त्याला कळेना. दोन तासांच्या आत होता म्हणून रिफंड मिळाला. नाव फार पसरट झालं की असं होतं आणि त्यात लोकांचे पैसे जातात, हे खरं दुखणं आहे. पण उपाय जास्त बारीक नावं हा आहे, आणि ते होतंय पण. स्टीमवर ट्रॅडिशनल रोगलाइक वेगळा टॅग आहे, ॲक्शन रोगलाइक वेगळा, रोगलाइक डेकबिल्डर, म्हणजे पत्त्यांचा संच जमवत खेळायचा, तो वेगळा.

तिसरा मुद्दा आळसाचा, तो पटकन संपवतो. गेमवरून नाव ठेवणं आजकालचं आहे म्हणे. विल क्राउदरने १९७६ च्या सुमारास केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये स्वतः हिंडून केलेल्या नकाशांवरून एक गेम लिहिला, १९७७ मध्ये डॉन वुड्सने तो वाढवला, लोक त्याला ॲडव्हेंचर म्हणायचे आणि त्यावरूनच ॲडव्हेंचर गेम हे अख्खं जॉनर पडलं. रोगलाइक पण एका गेमवरूनच आहे, आणि फॉरवर्डवाले तर ते नाव छातीशी धरून बसलेत! डिसेंबर १९९३ मध्ये डूम हा गोळीबाराचा गेम आला, नंतर काही वर्षं तसल्या प्रत्येक गेमला डूम क्लोन म्हणायचे, आणि असे गेम भरपूर आल्यावर, त्यांच्यात नक्की समान काय ते दिसल्यावर फर्स्ट पर्सन शूटर हे नाव रुळलं. हा टप्पा असतोच. सारखेपणा आधी जाणवतो, तो शब्दात मागाहून मांडता येतो.

आणि आपल्याकडचं बघा. कोथरूडमध्ये आम्ही शाळेनंतर ज्या सायबर कॅफेत जायचो तिथे मालकाने डेस्कटॉपवर चार फोल्डर केले होते, गाड्या, गोळीबार, मारामारी आणि मुस्तफा. कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफावरून आख्ख्या गेमला मुस्तफा म्हणायचे, आणि त्या फोल्डरमध्ये फायनल फाइट पण होता, म्हणजे डावीकडून उजवीकडे जात टोळ्यांना झोडपायचे सगळे गेम. मारामारी फोल्डरमध्ये एकास एक लढायचे. बीट एम अप आणि फायटिंग गेम असा जो फरक समीक्षक करतात तो त्या काकांनी कुठलाही लेख न वाचता बरोबर केला होता, कारण त्यांना रोज दहा पोरं येऊन विचारायची की काका मुस्तफासारखा अजून काही आहे का. याला आळस म्हणायचं असेल तर मग कष्ट कशाला म्हणायचं?

चौथा, सगळी लेबलं कंपन्यांनी काढली. काही काढली, हो. सर्व्हायव्हल हॉरर हे १९९६ च्या रेसिडेंट ईव्हिलमध्ये कॅपकॉमनेच खेळणाऱ्याला सांगितलं, मोबा (दोन टीमनी एकमेकांचा तळ पाडायचे गेम) हे नाव लीग ऑफ लेजेंड्सवाल्या रायटने पुढे केलं. पण व्हॉल्व्ह कंपनी तसल्याच डोटा २ ला ॲक्शन आरटीएस (रिअल-टाइम स्ट्रॅटेजी) म्हणत होती, ते कोणी उचललं का? कंपनीने नाव दिलं तरी ते टिकवायचं की नाही हे खेळणारेच ठरवतात. फोर-एक्स, म्हणजे साम्राज्य वाढवायचे स्ट्रॅटेजी गेम, हे नाव १९९३ मध्ये मास्टर ऑफ ओरायनबद्दल लिहिताना ॲलन एमरिच या पत्रकाराने आणलं. वॉकिंग सिम्युलेटर हे तर डिअर एस्थर, गॉन होम अशा नुसतं हिंडत गोष्ट उलगडायच्या गेमना हिणवायला लोकांनी वापरलेलं नाव, ते कुठली कंपनी स्वतःहून लावून घेईल? आणि जेआरपीजी, म्हणजे जपानी आरपीजी, घ्या. फायनल फँटसी १६ चे निर्माते नाओकी योशिदा २०२३ मध्ये एका मुलाखतीत म्हणाले की हे नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा त्यांच्यासारख्या जपानी लोकांना ते भेदभाव केल्यासारखं वाटलं होतं. मार्केटिंगचा माल असता तर बनवणाऱ्यांनाच बोचला नसता. शिवाय फेब्रुवारी २०१४ पासून स्टीमवर टॅग खेळणारेच लावू शकतात.

राहता राहिले तीन जॉनर. ॲक्शन, स्ट्रॅटेजी, पझल. मग स्टारड्यू व्हॅली कुठे टाकणार, शेती करायची, गावात लग्न करायचं? गाड्यांचा फोर्झा आणि मारामारीचा टेकन एकाच डब्यात? टेट्रिस आणि पोर्टल दोन्ही पझल म्हटले तर एक आवडणाऱ्याला दुसरा सुचवून बघा. असा प्रयत्न आधी झालाय पण. अटारीत काम केलेला डिझायनर ख्रिस क्रॉफर्ड, त्याने १९८४ मध्ये दोनच मोठे गट केले, हात आणि चपळाईचे एकीकडे, डोकं लावायचे दुसरीकडे. पण त्यालाही आत पोटगट करावेच लागले, त्यात पॅडल गेम असा एक गट होता आणि मेझ गेम असा एक होता, जे आज कोणी म्हणतही नाही, आणि आपलीच मांडणी बरोबर आहे असा दावा मी करत नाही हे त्याने तिथेच लिहून ठेवलं. तेव्हा जेमतेम दहा-बारा वर्षांचे गेम समोर होते.

आणि भारतात बसून प्रकारांना अर्थ नाही म्हणणं मला तर खरंच कळत नाही. रमी कौशल्याचा खेळ की नशिबाचा, यावर १९६० च्या दशकात सुप्रीम कोर्टापर्यंत गोष्ट गेली होती, आणि ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि मनी गेम असे वेगळे प्रकार करून त्यातल्या मनी गेमवर बंदी आलीये. इकडे घरी आईवडिलांना सगळंच पब्जी वाटतं. पोरगं बालात्रो खेळत असेल तर पडद्यावर पोकरचे पत्ते दिसतात, पैसे लावतोय की काय म्हणून घरात तमाशा होऊ शकतो. तिथे डेकबिल्डर म्हणजे काय आणि जुगार म्हणजे काय हे समजावून सांगायला नावंच लागतात.

तेव्हा ग्रुपवर परत कोणी रोगलाइक सुचवा म्हणून विचारलं तर व्याख्येवरून त्याच्या अंगावर जाऊ नका. टर्न-बेस्ड हवाय की रिअल-टाइम, मेल्यावर काही शिल्लक राहिलेलं चालेल का, एक डाव अर्ध्या तासाचा हवा की आठवडाभराचा, एवढं विचारा आणि मग गेमचं नाव द्या.