‘कुत्रा असेल तर सरळ बदलापूर गाठा’: या सल्ल्यातला एकेक मुद्दा

प्राणी पाळणाऱ्यांच्या गटांमध्ये सध्या एक संदेश सतत पुढे ढकलला जातोय. मजकूर साधारण असा: “मुंबईत नोकरी आणि घरात कुत्रा-मांजर असेल तर शहराजवळ घर शोधत बसू नका. सरळ बदलापूर, नेरळ, कर्जत गाठा. मोकळी जागा आहे, घर स्वस्त आहे. कायद्याने कोणतीही सोसायटी प्राण्यांना मनाई करू शकत नाही, त्यामुळे बिनधास्त राहा. नव्या टाऊनशिपमध्ये पेट पार्क असतो. डोंगराच्या कडेला मिळालं तर उत्तमच. डॉक्टर आता सगळीकडे आहेत. आणि मांजर असेल तर काहीच बघायची गरज नाही.”

डोंबिवली-कल्याण पट्ट्यात सोडून दिलेल्या कुत्र्या-मांजरांना घरं मिळवून देण्याचं काम मी करते. प्राणी देण्याआधी घर बघायला जावं लागतं, आणि कधीकधी तोच प्राणी परत आणायलाही जावं लागतं. परत द्यायची वेळ आलेली माणसं बहुतेकदा प्रेमळच असतात, देताना रडतात. त्यांचं गणित घर निवडतानाच बिघडलेलं असतं, आणि ते बिघडवण्यात असल्या संदेशांचा हात मोठा आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

“मोकळी जागा असली की कुत्रा खूश.”

मोकळ्या जागेत कुत्र्याला नेणार कोण आणि कधी, हा प्रश्न संदेशात कुठेच नाही. बदलापूर ते मुंबईतलं सीएसएमटी स्टेशन ६८ किलोमीटर. फास्ट लोकल मिळाली तरी गाडीतच दीड तास जातो. घरापासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाची रांग, फलाटावरची वाट बघणं, उतरल्यावर ऑफिसपर्यंतची बस किंवा टॅक्सी धरा, की एका बाजूचे सव्वादोन तास होतात. ऑफिसचे नऊ तास मिळवले की साडेतेरा तास. कर्जत तर १०० किलोमीटरवर आहे. शिवाय कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने गाड्या कमी, पुण्याकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्याही त्याच वाटेने जातात. एक लोकल चुकली तर पुढची कधी येईल ते वेळापत्रक बघून ठरतं.

मोठ्या, निरोगी कुत्र्याला सहा ते आठ तासांपलीकडे लघवी रोखून धरायला लावू नये, असं पशुवैद्य सांगतात. पिल्लाचा ढोबळ हिशोब म्हणजे जितक्या महिन्यांचं तितके तास, म्हणजे तीन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास. सहा तासांचा हिशोब धरला तर साडेतेरा तासांत त्या मोठ्या कुत्र्यालाही मधे दोनदा बाहेर न्यायला हवं. रात्री नऊ-साडेनऊला थकून घरी आलेला माणूस त्या मोकळ्या मैदानावर त्याला किती वेळ फिरवेल? इमारतीच्या फाटकाबाहेर दहा मिनिटं, आणि परत वर. मैदान खिडकीतून दिसत राहतं.

ठाण्याहूनही तास फार कमी भरतात असं नाही. ठाणे ३४ किलोमीटर, फास्टने पाऊण तासाच्या आसपास, पण दारापासून दारापर्यंत सव्वा ते दीड तास धरावाच लागतो. म्हणजे एकूण बारा तास. मधे एकदा कोणीतरी यावं लागतंच, फक्त ते एकदा येऊन भागतं. म्हणून घर शोधताना पहिला प्रश्न मुंबईच्या जवळ की लांब हा असू नये. तुमचं ऑफिस कोणत्या मार्गावर आहे, हा असावा. ऑफिस नवी मुंबईत ऐरोली किंवा घणसोलीला असेल, तर २००४ पासून चालू असलेल्या ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर मार्गामुळे ठाणे, रबाळे, कोपरखैरणे हे सगळं हाकेच्या अंतरावर येतं. ठाण्यातच वागळे इस्टेटला नोकरी असणाऱ्याने बदलापूरपेक्षा ठाण्यातलंच छोटं घर घ्यावं. कुत्र्याला वन-बीएचके लहान पडत नाही. दिवसातला बराचसा वेळ तो झोपलेलाच असतो, आणि जागा असतो तेव्हा त्याला माणूस हवा असतो. आतली एक खोली कमी पडली म्हणून प्राणी परत आलेला मी पाहिलेला नाही. एकटेपणामुळे परत आलेले मात्र पाहिलेत.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हजारो माणसं रात्रभर ऑफिसात, स्टेशनात, रस्त्यावर अडकली. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे अडकली आणि प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. एवढा मोठा पूर दरवर्षी येत नाही, पण रुळावर पाणी आलं आणि गाड्या थांबल्या हे दर पावसाळ्यात घडतं. अशा रात्री घरात एकट्या असलेल्या प्राण्याला खायला कोण घालणार, हे घर घेण्याआधीच ठरलेलं असावं. शेजारच्या दारी किल्ली ठेवता येईल अशी इमारत मला स्विमिंग पूलवाल्या इमारतीपेक्षा कितीतरी जास्त ‘पेट फ्रेंडली’ वाटते.

“कायद्याने कोणीही मनाई करू शकत नाही.”

हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याने भाडेकरूंचं नुकसान होतं.

खरा भाग आधी. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये निवासी संघटनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. कुत्रा मोठा आहे किंवा अमुक जातीचा आहे म्हणून मनाई करता येत नाही, भुंकणं हे बंदीचं कारण ठरत नाही, आणि लिफ्ट वापरण्याबद्दल प्राण्यामागे वेगळे पैसे लावता येत नाहीत. राज्यघटनेच्या कलम ५१-ए (जी) मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाभाव हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. घर तुमच्या मालकीचं असेल तर हे सगळं तुमच्या बाजूने उभं राहतं, आणि समिती त्रास देऊ लागली तर लेखी पत्रात याचा उल्लेख जरूर करावा.

पण मुंबईच्या आसपास प्राणी घेऊन घर बदलणाऱ्यांत भाडेकरू खूप. त्यांचं नातं सोसायटीशी नंतर आणि घरमालकाशी आधी असतं. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याने राहताना मालकाशी होतो तो, हा करार आहे. घरमालकाने त्यात ‘प्राणी ठेवणार नाही’ असं कलम घातलं आणि तुम्ही सही केलीत, तर मंडळाची मार्गदर्शक सूचना दाखवून तो मालक बांधला जात नाही. करार साधारण अकरा महिन्यांचा असतो. मुदत संपल्यावर तो पुन्हा करायचा की नाही, हे मालकाच्या हातात राहतं. सोसायटीच्या चिठ्ठ्या-तक्रारींना कंटाळून तो नको म्हणाला, की तुम्ही पुन्हा टेम्पो शोधायला लागता.

त्या तक्रारी बहुतेकदा सुरू होतात कुठून? दिवसभर एकट्या राहिलेल्या कुत्र्याच्या रडण्यातून. सकाळी सातला दार बंद झालं की तो दाराशी बसतो, जिन्यातल्या प्रत्येक पावलाला भुंकतो, दुपारी विव्हळतो, दार ओरबाडतो. खालच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना ते दिवसभर ऐकावं लागतं. त्यांची तक्रार खोटी नसते. प्रवासाचे तास आणि सोसायटीची नोटीस या दोन गोष्टी संदेशात वेगवेगळ्या दाखवल्यात, पण माझ्या कामात त्या एकापाठोपाठ एक येतात.

एजंटने फोनवर दिलेल्या ‘चालेल हो’ला करारात काहीही किंमत नाही. ‘एक कुत्रा ठेवण्यास मालकाची हरकत नाही’ हे वाक्य करारात लिहून घ्या, करार रीतसर नोंदवा, आणि महापालिकेचा परवाना व रेबीजच्या लसीचा दाखला पहिल्याच दिवशी समितीकडे स्वतःहून द्या. मागायची वेळ येऊ देऊ नका.

“नव्या टाऊनशिपमध्ये पेट पार्क असतो.”

माहितीपत्रकात असतो. मोठे प्रकल्प टप्प्याटप्प्याने बांधले जातात आणि महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, त्या टप्प्यांची नोंदणीही वेगवेगळी होते. तुम्ही पहिल्या टप्प्यात राहायला जाता आणि पेट पार्क शेवटच्या टप्प्यात असतो, असं होऊ शकतं. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून कोणती सुविधा कोणत्या टप्प्यात, कोणत्या तारखेपर्यंत लिहिली आहे ते बघा. तिथे नसेल आणि करारातही नसेल, तर ती नाही असंच समजा.

अर्धवट बांधलेल्या टाऊनशिपची आणखी एक अडचण कोणी सांगत नाही. बांधकामाच्या जागी मजुरांच्या वस्तीबरोबर कुत्री येतात. काम संपतं, मजूर पुढच्या साइटवर जातात, कुत्री तिथेच राहतात. भुकेली आणि आपल्या हद्दीला जपणारी. रात्री दहाला तुमच्या पट्टा लावलेल्या कुत्र्याला घेऊन त्या अंधाऱ्या रस्त्यावर उतरणं दोघांसाठीही भीतीचं होतं. घर बघायला जाल तेव्हा गल्लीतल्या कुत्र्यांचे कान बघा. नसबंदी आणि लसीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच दिलेली असते. बहुतेक कानांना खाच दिसली तर त्या भागात कोणीतरी या कुत्र्यांकडे लक्ष देतंय, खायला घालतंय, गाडी बोलावून नसबंदी करून घेतंय. अशी कुत्री सहसा शांत असतात. आणि ते काम करणारी व्यक्ती तुमचीही पहिली ओळख होऊ शकते. एवढी एक खूण मला कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगून जाते.

“डोंगराच्या कडेला मिळालं तर उत्तमच.”

हवा चांगली असते, हे मान्य. पण संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, येऊरच्या पायथ्याला, घोडबंदर रस्त्याच्या जंगलाकडच्या बाजूला किंवा आरेच्या आसपास बिबटे आहेत, आणि त्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. तिथे राहू नका असं मी म्हणणार नाही. आदिवासी पाड्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बिबट्याच्या शेजारात राहत आली आहेत. पण अंधार पडल्यावर कुत्रा बाहेर बांधायचा नाही, पहाटे आणि रात्री जंगलाकडच्या रस्त्यावर फिरवायचा नाही, कचरा उघडा पडू द्यायचा नाही. आता पुन्हा त्या प्रवासाकडे बघा. पहाटे निघून रात्री परतणाऱ्याकडे फिरवायला नेमक्या त्याच दोन वेळा उरतात.

गवत आणि झाडीबरोबर गोचीडही येते, पावसाळ्यात आणि त्यानंतर तर फारच. गोचीडतापाने लाल पेशी किंवा प्लेटलेट खाली गेलेला कुत्रा दोन दिवस खात नाही, एवढंच मालकाला दिसतं. तेही मालक घरी असेल तर.

“डॉक्टर सगळीकडे आहेत.”

दिवसा, हो. लसीला, जंताच्या गोळीला, कातडीच्या खाजेला बदलापुरात आणि पनवेलला डॉक्टर मिळतात, आणि त्यातले काही फार चांगले आहेत. प्रश्न रात्री दोनचा असतो. मोठ्या जातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ बसला, बोक्याची लघवी अडली, नेरळच्या बंगल्याच्या आवारात साप चावला, तर हातात काही तासच असतात. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. दोन्ही शहराच्या पोटात. रात्री लोकल बंद असते, आणि दिवसाही आजारी कुत्र्याला गर्दीच्या डब्यातून नेता येईल असं धरून चालू नये. रिक्षा सायन आणि वांद्र्याच्या पुढे दक्षिणेला जात नाही. उरते टॅक्सी, तीही कुत्र्याला बसवून घेणारी. घर ठरवण्याआधी त्या भागातल्या दोन-तीन दवाखान्यांत जाऊन विचारा: रात्री फोन कोण उचलतं, एक्स-रे आणि सलाईनची सोय आहे का, शस्त्रक्रिया करायची झाली तर कुठे पाठवता. उत्तर ऐकून तिथून पुढचं अंतर मोजा.

“मांजर असेल तर काहीच बघायची गरज नाही.”

मांजर एकटेपणा कुत्र्यापेक्षा बरा सोसते, तिला फिरवायला न्यावं लागत नाही, आणि म्हणूनच लोक सातव्या मजल्यावरची उघडी गॅलरी विसरतात. कबुतराच्या मागे झेपावलेली मांजर खाली पडते. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी तिच्या नख्या-दातांपुढे टिकत नाही, तारेची जाळी लागते. बऱ्याच सोसायट्या इमारतीचं रूप बिघडतं म्हणून बाहेरच्या बाजूने जाळी लावू देत नाहीत. आतून लावता येईल का, मालक भिंतीला भोकं पाडू देईल का, हे डिपॉझिट देण्याआधी विचारायचं. परवानगी मिळत नसेल तर ते घर मांजरीसाठी नाही, कितीही हवेशीर असलं तरी.

शेवटी, संदेशात नसलेली एक गोष्ट. दुपारी येऊन कुत्र्याला फिरवणारा माणूस. तो जिथे बरीच कुत्री आहेत तिथेच मिळतो, कारण एका कुत्र्यासाठी कोणी चार किलोमीटर येत नाही. जो भाग आवडला असेल तिथे कामाच्या दिवशी सकाळी सात-आठच्या सुमाराला जा. हे काम करणारी मुलं दोन-तीन पट्टे हातात धरून चालताना दिसतील. त्यांना थांबवून विचारा, कोणत्या इमारतीत वॉचमन आत सोडतो, कुठे मागच्या जिन्याने जायला लावतात, कुठे गेल्या वर्षभरात भांडण झालं. त्यांना सोसायट्यांची नावं तोंडपाठ असतात. आणि तासभर थांबूनही असा एकही मुलगा दिसला नाही, तर तुमच्या कुत्र्याला दुपारी कोण बाहेर काढणार याचं उत्तर मिळेपर्यंत टोकन देऊ नका.