घोटा मुरगळला: ‘चालता येतंय ना, मग हाड शाबूत आहे’ हे धरून चालू नका

घोटा मुरगळल्यावर काय करावं याचा एक चार कलमी सल्ला मोबाइलवरून सतत फिरत असतो. चालता येत असेल तर हाड मोडलेलं नाही. दर तासाला बर्फ लावा. तीन आठवडे पाय टेकू नका. सूज उतरून दुखायचं थांबलं की घोटा बरा झाला. चारही गोष्टी ऐकायला पटतात, पण पहिलीपायी मोडलेलं हाड अंगावर काढलं जातं आणि चौथीपायी तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळत राहतो.

‘चालता येतंय म्हणजे हाड शाबूत.’

शरीराचा बहुतेक भार नडगीच्या जाड हाडावरून जातो. मुरगळताना मोडतं ते बऱ्याचदा तिच्या शेजारचं बारीक हाड, म्हणजे फिबुला. त्यामुळे ते मोडूनही माणूस लंगडत घरी येऊ शकतो. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळी आणि टाच यांच्या साधारण मध्यावर, हाताला लागणारा एक उंचवटा असतो. पाऊल आत वळताना बसणाऱ्या ओढीने त्याचा तुकडा निघतो, तेव्हाही चालता येतं.

एक्सरे कुणाचा काढायचा यासाठी कॅनडातल्या ओटावामध्ये १९९२ साली इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी नियम मांडले. ‘ओटावा अँकल रूल्स’ या नावाने ते जगभर वापरले जातात. अंगठ्याने बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत दाबत जायचं. आतल्या घोट्यावरही तसंच. मग तो करंगळीच्या रेषेतला उंचवटा, आणि शेवटी पावलाच्या आतल्या बाजूला कमानीच्या माथ्यावरचं नॅव्हिक्युलर हाड. यांपैकी कुठेही हाडावर दाबल्यावर कळ आली तर एक्सरे. मुरगळल्यावर लगेचही आणि तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तरी एक्सरे. लंगडत टाकलेली पावलंही मोजायची.

इथे चूक होते ती अंगठा कुठे ठेवायचा यात. बाहेरच्या घोट्याच्या पुढच्या, खालच्या खळग्यात लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा चिवट पट्टा, असतो. मुरगळल्यावर तिथे दुखणारच, ते हाडाचं दुखणं नव्हे. म्हणून मागची कड दाबायची. शिवाय हा नियम एकाच बाजूने भक्कम आहे. कुठेच कळ नसेल आणि चार पावलं टाकता येत असतील तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी. कळ आली म्हणून मात्र हाड मोडलंच असं नाही. लहान मुलं, मधुमेहाने पाय बधिर झालेली माणसं आणि नशेतला माणूस यांच्या बाबतीत या नियमावर विसंबू नये.

दोन दुखापती साध्या मुरगळीत खपून जातात. पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं हातात धरून एकमेकांकडे दाबल्यावर कळ घोट्याच्या वर उठली, तर त्या दोन हाडांना बांधणारं लिगामेंट दुखावलेलं असू शकतं. ते भरून यायला बराच जास्त वेळ लागतो. दुसरी, मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं असेल तर पालथं झोपवून पोटरी दाबा. पाऊल खाली हललं नाही तर टाचेमागची अकिलीस शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा जाड दोर, तुटल्याची शंका घ्या आणि त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाला गाठा.

‘दर तासाला बर्फ.’

बर्फाने दुखणं कमी होतं, पण त्यामुळे लिगामेंट लवकर जुळतं असं नाही. विश्रांती-बर्फ-पट्टी-पाय उंच हे सूत्र १९७८ मध्ये लोकप्रिय करणारे डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. पहिले दोन-तीन दिवस दुखत असेल तर कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटं लावावा. बधिर पायाला लावूच नये.

‘तीन आठवडे पाय टेकायचा नाही.’

सगळ्यात जास्त नुकसान या कलमाने होतं. जुळणाऱ्या लिगामेंटचे तंतू ओढ मिळते त्या दिशेने रचले जातात. ओढच मिळाली नाही तर ते अस्ताव्यस्त भरतात, पोटरी वाळते आणि घोटा वर वाकेनासा होतो.

पहिले दोन-तीन दिवस कुबडी घ्या, पण पाय टेका. एकच कुबडी असेल तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. पाऊल बाहेर फिरवून ओढत नेऊ नका, टाच आधी, चवडा नंतर. दिवसातून चार-पाच वेळा घोटा वर-खाली २० वेळा हलवा. आत वळवायची घाई मात्र नको, कारण पाऊल खाली आणि आत वळतं तेव्हाच फाटलेल्या लिगामेंटवर ताण येतो. वर वाकताना घोट्यातलं टॅलस हाड दोन्ही बाजूंच्या हाडांत घट्ट बसतं, म्हणून ती हालचाल सुरक्षित.

याला अपवाद आहे आणि तो सांगायलाच हवा. पायच टेकवत नाही इतकी गंभीर मुरगळ असेल, तर सुमारे १० दिवसांचं गुडघ्याखालचं प्लास्टर नळीसारख्या ताणपट्टीपेक्षा चांगलं ठरल्याचं २००९ मधल्या ब्रिटिश चाचणीत दिसलं. पण १० दिवस म्हणजे तीन आठवडे नव्हेत.

लिगामेंट पूर्ण तुटलंय का, हे पहिल्या दिवशी हाताने नीट कळत नाही. दुखण्यामुळे स्नायू सांधा आवळून धरतात. ४-५ दिवसांनी पुन्हा तपासून घ्या.

‘सूज उतरली, दुखायचं थांबलं, घोटा बरा झाला.’

सूज उतरली तरी घोट्याचा तोल आणि ताकद परतलेली नसते. हे घरी पाहता येतं. भिंतीकडे तोंड करून उभे राहा आणि टाच जमिनीला चिकटवून गुडघा भिंतीला टेकवा. पायाचा अंगठा भिंतीपासून किती मागे नेता येतो ते मोजा. दोन्ही पायांत २ सेंटिमीटरच्या आसपास किंवा जास्त फरक असेल तर घोटा अजून आखडलेला आहे. टाच कागदाच्या जाडीएवढी उचलली किंवा कमान आत कोसळली तर ते माप धरू नका.

मग एका पायावर उभं राहून टाच उचला. निरोगी पायाने साधारण २५ वेळा जमावं, आणि दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत तरी यावा. वर जाताना भार करंगळीकडे कलंडत असेल तर बाहेरच्या बाजूचे पेरोनियल स्नायू कमजोर आहेत. पाऊल आत वळू लागलं की ते सावरणारे हेच. त्यांच्यासाठी रबरी पट्टा चवड्याला अडकवून पाऊल बाहेर ओढायचं, १०-१५ चे तीन फेरे. गुडघा किंवा मांडी फिरली तर काम खुब्याने केलं, घोट्याने नाही.

एका पायावर ३० सेकंद डोळे उघडे ठेवून, नंतर डोळे मिटून उभं राहणंही रोज करा. मिटताना जवळ आधार असू द्या. खेळात परतताना सुरुवातीला ब्रेस (घोट्याला आधार देणारा पट्टा) किंवा टेप (चिकटपट्टी) वापरा, पण तोलाचा सराव त्याबरोबर चालूच ठेवा.