चिठ्ठी मागणारा फार्मसीवाला कुणाचा एजंट नाही

गोव्यातल्या बऱ्याच ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सारांश असा: ‘चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक न देणारे फार्मसीवाले डॉक्टरांचे एजंट. तापावर तीन दिवस अझिथ्रोमायसिन घेतली की माणूस बरा होतो. नुकसान झालंच तर घेणाऱ्याचं. फार्मसीवाल्यांनी नुसत्या गोळ्या मोजून द्याव्यात.’ मी फोंड्यात फार्मसीच्या काउंटरवर काम करते, म्हणून उत्तर देते.

एजंट कसला? नकार दिला की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, गल्ला आमचा कमी होतो. आणि नियम आमचा नाही. स्ट्रिपवरची उभी लाल रेघ बघा, ते औषध चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं. सेफिक्सिमसारखी अँटिबायोटिक्स तर १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे जास्त कडक नियमांच्या सरकारी यादीत आहेत. ती दिली की वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं.

तापाचा मुद्दा सगळ्यात घातक. पावसात आपल्याकडे डेंग्यू असतो, लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिसही असतो. दोन्हींत ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं. डेंग्यू व्हायरसचा, त्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही. लेप्टो बॅक्टेरियाचा, त्याला वेळेवर योग्य अँटिबायोटिक लागतंच, नाहीतर किडनी-लिव्हरवर जाऊ शकतं. काजूच्या दिवसांत सत्तरी तालुक्यात माकडताप, तोही व्हायरसचा. काउंटरपलीकडून चेहरा बघून यातलं कुठलं ते मला सांगता येत नाही, रक्त तपासावं लागतं. मग तीन गोळ्यांनी बरे झालेले लोक? त्यातल्या बहुतेकांचा साधा व्हायरल ताप होता. तो गोळीविनाही तेवढ्याच दिवसांत उतरला असता.

‘नुकसान घेणाऱ्याचं’ हेही खरं नाही. औषधाला न जुमानणारे जंतू घरातल्या म्हाताऱ्यांकडे, तान्ह्या बाळाकडे, हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर पोचतात. २०१९ साली जगभरात अशा जंतूंमुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावल्याचा अंदाज आहे.

गोळ्या मोजण्याबद्दल एवढंच: बाळाच्या ड्राय सिरपच्या बाटलीत खुणेपर्यंत उकळून गार केलेलं पाणी घालायचं, चमचा नव्हे मापाचं झाकण वापरायचं, उरलेलं औषध पुढच्या तापाला ठेवायचं नाही, हे आईला कोण सांगतं? पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर पुरळ आलं होतं का, हेही आम्हीच विचारतो.

मेसेजमागची अडचण मात्र खरी आहे. रविवारी रात्री डॉक्टर सापडत नाही, ओपीडीत गेलं की दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळी फार्मसीत अँटिबायोटिक मागू नका, लक्षणं सांगा. तापाला पॅरासिटामॉल आणि ओआरएस मिळेल. डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. उलट्या थांबत नसतील, पोटात जोराने दुखत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, लघवी कमी झाली असेल किंवा धाप लागत असेल, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा.