उत्तर बरोबर, मग मार्क का कापले?

नाशिकच्या वकिलांच्या आणि लॉच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘लीगल रिसर्चला उत्तर बरोबर असेल तर पूर्ण मार्क द्या. कसं शोधलं हे विचारणं म्हणजे मास्तरांची मर्जी. एआय आल्यावर तर हा विषयच मोडीत निघाला.’ हा विषय, म्हणजे प्रश्नाला लागू पडणारा कायदा आणि निवाडे शोधणं, मी शिकवतो, पेपर तपासतोही मीच. म्हणून अंगाला लावून घेतलंय.

आधी ‘उत्तर बरोबर’चं बघू. मी प्रश्न दिला होता: व्यापाऱ्याने मार्च २०२४ मध्ये दिंडोरीच्या शेतकऱ्याची द्राक्षं उचलली आणि पैसे न देता पसार झाला. फिर्याद ऑगस्टमध्ये. कलम कोणतं? दोघांनी ४२० लिहिलं. एकीच्या शोधाच्या नोंदीत होतं: भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू, गुन्हा त्याआधीचा, म्हणून जुना कायदा, म्हणजे भादंवि (भारतीय दंड विधान), तपासाची प्रक्रिया मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेची. नुसते पैसे थकवणं म्हणजे फसवणूक नव्हे, हेतू मुळापासून खोटा होता हे दाखवावं लागतं, यावरचे सर्वोच्च न्यायालयाचे निवाडेही तिने काढले होते. दुसऱ्याला ४२० ठाऊक होतं, कारण ते अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. घटना मार्च २०२५ची असती तरी त्याने तेच ठोकून दिलं असतं, आणि तिथे न्याय संहितेचं ३१८(४) लागतं. दोघांना सारखे मार्क कसे देऊ?

मर्जीचा आरोप अर्धा मान्य. पहिल्या वर्षी मी निकष आधी सांगितले नव्हते. मुलं भांडली ते योग्यच केलं. आता प्रश्नासोबतच छापून देतो: वीसपैकी पाच मुद्दा नेमका मांडण्याला, सहा शोधाच्या नोंदीला, सहा कायदा आजही टिकून आहे का हे तपासण्याला, तीन भाषेला. (भाषेला तीनच का, यावर अजून वाद चालू आहे.) फसलेले शोधही नोंदीत लिहायचे, त्याचे मार्क कापत नाही.

राहिलं एआय. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘माटा विरुद्ध एव्हियांका’ खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले सहा निवाडे कोर्टापुढे ठेवले. ते खरे आहेत का, हेही एकाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं! ५,००० डॉलर दंड झाला. एआय खुशाल वापरा, पण मूळ निवाडा उघडून वाचल्याची नोंद हवी. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे त्याच्याच ई-एससीआर या ऑनलाइन संग्रहात फुकट आहेत, तेव्हा पैशांची सबब नको.

यंदाही प्रश्न द्राक्षांचाच आहे. फक्त तारीख बदललीय.