कंट्रोलरमधले रिटर्न टाइप : तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

आमच्या एएसपी डॉट नेट कोअर (मायक्रोसॉफ्टची वेब-अ‍ॅप बनवण्याची चौकट) टेम्प्लेटला दोन तारे देताना तुम्ही दोन तक्रारी मांडल्या आहेत: कंट्रोलरमध्ये (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) तीन तऱ्हेचे रिटर्न टाइप, म्हणजे परत जाणाऱ्या उत्तराचे प्रकार, आहेत, सगळीकडे आयअ‍ॅक्शनरिझल्ट (कुठल्याही तऱ्हेचं उत्तर चालणारा टाइप) हवं होतं, आणि फॉर्म सेव्ह झाल्यावर संदेश दिसत नाही.

सगळीकडे आयअ‍ॅक्शनरिझल्ट लिहिलं तर कोड चालतो, पण नेमका कोणता डेटा परत येणार हे मेथडच्या सहीवरून (नाव आणि टाइप सांगणाऱ्या ओळीवरून) कळत नाही. ना कंपायलरला, ना स्वॅगरला (एपीआयची माहितीपाने आपोआप बनवणारं साधन). म्हणून एपीआयमध्ये अ‍ॅक्शनरिझल्ट<ऑर्डर> ठेवलं आहे. ऑर्डर थेट रिटर्न होते, सापडली नाही तर नॉटफाउंड म्हणजे 404. ती मुद्दाम ओके() मध्ये गुंडाळलेली नाही; गुंडाळली की आत चुकून कस्टमर गेला तरी कंपायलर हरकत घेत नाही. यादीच्या ठिकाणी टूलिस्टअसिंक (निकालाची प्रत्यक्ष यादी बनवणारी मेथड) दिसेल, ते काढू नका. आयइन्यूमरेबल (यादीचा सर्वसाधारण टाइप) हा इंटरफेस असल्यामुळे त्याचं अ‍ॅक्शनरिझल्टमध्ये आपोआप रूपांतर होत नाही आणि बिल्ड अडतो.

साधा टाइप, म्हणजे थेट डेटाचाच टाइप, फक्त तिथेच आहे जिथे उत्तर एकच असू शकतं. एक नोंद शोधणाऱ्या अ‍ॅक्शनला तो देऊ नये: नल परत गेलं की क्लायंटला 404 ऐवजी 204 (यशस्वी, पण मजकूर नाही) मिळतो आणि नोंद नाही हे त्याला समजतच नाही.

फॉर्मच्या अ‍ॅक्शनमध्ये मात्र आयअ‍ॅक्शनरिझल्टच योग्य, आणि तिथे तेच आहे. व्हॅलिडेशन फसलं तर व्ह्यू(मॉडेल), म्हणजे भरलेली माहिती आणि चुका दोन्ही जागेवर राहतात. सेव्ह झालं तर रिडायरेक्टटूअ‍ॅक्शन, म्हणजे 302 (ब्राउझरला दुसऱ्या पानाकडे पाठवणारं उत्तर). नाहीतर पान रिफ्रेश करताच तोच फॉर्म पुन्हा सबमिट होऊन नोंद दुहेरी पडू शकते.

आता संदेश. रिडायरेक्टनंतर नवी रिक्वेस्ट सुरू होते, त्यामुळे व्ह्यूबॅगमधलं (एकाच रिक्वेस्टपुरता डेटा ठेवायची जागा) काही उरत नाही. टेम्प्लेट संदेश टेम्पडेटात (पुढच्या रिक्वेस्टपर्यंत टिकणारी जागा) ठेवतं आणि लेआउटमधलं (सगळ्या पानांचा समान सांगाडा) पार्शल, म्हणजे पानाचा छोटा तुकडा, तो वाचतं. स्वतःचा लेआउट वापरत असाल तर ते पार्शल त्यात घ्या. कुकी-संमती सुरू असेल तर आणखी एक अडचण येते: टेम्पडेटाची कुकी मुळात आवश्यक गटात नसते, म्हणून संमती मिळेपर्यंत ती ब्राउझरकडे जातच नाही. कुकीटेम्पडेटाप्रोव्हायडरऑप्शन्समध्ये कुकीचं इझइसेन्शियल ट्रू करा.

एवढं करूनही संदेश आला नाही, तर नेटवर्क टॅबमध्ये त्या 302 उत्तरात सेट-कुकी हेडर आहे का, एवढं कळवा. पुढचं आम्ही शोधून देतो.