‘उंदराचं विष’ आणि लसणाच्या दोन पाकळ्या

संक्रांतीचा आठवडा होता, सोलापूरच्या होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरलेली. लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या एका काकूंनी खुर्चीत बसता बसता मोबाइल पुढे केला. “हे खरं आहे का हो दादा? मी तीन दिवस गोळीच घेतली नाही.”

काकूंच्या हृदयात धातूची झडप आहे. आणि तो मेसेज माझ्याकडे तोवर चार ग्रुपांवरून येऊन गेला होता. थोडक्यात असा: हृदयाच्या ऑपरेशननंतर देतात ती रक्त पातळ करायची गोळी म्हणजे उंदराचं विष. ऑपरेशनमध्येच रक्त पातळ करून रक्तस्राव घडवतात आणि बाटल्यांचं बिल लावतात. वर्ष झालं की गोळी सोडा. रोज उपाशीपोटी लसूण-आलं घ्या, रक्त आपोआप पातळ राहतं. पालेभाजी कायमची बंद. दात काढायचा असेल तर आठ दिवस आधी गोळी थांबवा. खाली हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’.

मी डॉक्टर नाही. अठरा वर्षं या रुग्णांचं रक्त काढतोय आणि आयएनआर लावतोय, म्हणजे रक्त गोठायला नेहमीच्या साधारण किती पट वेळ घेतं तो आकडा. डोस सांगणं माझं काम नाही, पण या मेसेजमध्ये काय चुकलंय ते सांगू शकतो.

आधी उंदराचं विष. हे अर्धं खरं आहे, म्हणून तर एवढं चालतं. १९२०च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावानं मरायला लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधलं. त्याच कुळातलं वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदरांवर आलं आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून मिळू लागलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही तेच दिलं होतं. उंदीर मरतो तो बेहिशेबी खातो म्हणून. माणसाला ते मिलिग्रॅममध्ये देतात आणि रक्त तपासून कमीजास्त करतात. आपल्याकडे जास्त दिसते ती अ‍ॅसिट्रॉम, याच जातीची.

आता ‘रक्त पातळ’ हा शब्द. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. गोळीनं रक्त पाणी घातलेल्या ताकासारखं होत नाही. ते तेवढंच दाट राहतं, फक्त गोठायला वेळ लावतं. शिवाय इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅसिट्रॉम या तिन्हींना आपण एकच नाव देतो. पहिल्या दोन बिंबाणूंना (प्लेटलेट्सना) एकमेकांना चिकटू देत नाहीत. बायपास किंवा स्टेंटवाल्यांच्या पिशवीत त्या असतात. अ‍ॅसिट्रॉम आणि वॉर्फरिन यकृतात के जीवनसत्त्वाच्या वाटेत आडवी येतात, त्यामुळे गाठ बांधणारी प्रथिनं अर्धवट बनतात. धातूच्या झडपेवर जी गुठळी धरते ती मुख्यतः या दुसऱ्या वाटेनं. लसणाचा जो काही थोडा परिणाम आहे तो बिंबाणूंवर. म्हणजे लसूण झडप वाचवणार नाही, आणि गोळीसोबत मूठमूठ खाल्ला किंवा त्याच्या कॅप्सूल घेतल्या तर रक्तस्राव मात्र वाढवू शकतो. शेंगाचटणीतल्या चार पाकळ्यांबद्दल मी बोलत नाही, ती खुशाल खा.

वर्षानं गोळी सोडण्याचं काय? कुणाचं कोणतं ऑपरेशन झालंय, हे मेसेज लिहिणाऱ्यानं विचारलेलंच नाही. प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली झडप असेल तर ही गोळी बहुधा तीन ते सहा महिने. धातूची असेल तर आयुष्यभर. धातू वर्षानं काही शरीराच्या ओळखीचा होत नाही. “नवीन गोळ्या आल्यात, त्यांना तपासणी लागत नाही,” असंही काही जण सांगतात. त्यातलंच एक, डॅबिगॅट्रान, धातूच्या झडपेवर वापरून पाहिलं होतं. गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले, म्हणून तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. २०१३ मध्ये ते छापून आलं. या रुग्णांसाठी अजून जुनीच गोळी खरी.

दाताच्या मुद्द्यावर माझा आवाज चढतो, कारण हे आमच्या घरात घडलंय.

माझे मामा यंत्रमागावर होते. लहानपणी सांधेतापानं झडप खराब झाली, चाळिशीत डाव्या बाजूची मायट्रल झडप धातूची बसवली. रात्री सगळं सामसूम झालं की त्यांच्या छातीतली टिकटिक शेजारी झोपलेल्या मामीला ऐकू यायची. ती म्हणायची, “घड्याळ गिळलंय यांनी.” दाढ काढायची म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी आठ दिवस अ‍ॅसिट्रॉम बंद ठेवली. दाढ निघाली, रक्त आलं नाही, सगळे खूश. पण नवव्या रात्री मामी उठून बसली. टिकटिक दबकी येत होती, उशी तोंडावर धरून कुणी बोलावं तशी. सकाळी जिना चढताना मामांना दम लागला. दवाखान्यात एक्स-रेच्या पडद्यावर दिसलं, झडपेच्या दोन पाकळ्यांपैकी एक हलतच नव्हती. गुठळी विरघळवायचं औषध शिरेतून दिलं. त्या औषधानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी सही घेतली. मामी चार रात्री बाकड्यावर बसून होती. मामा वाचले. दाढ काढायला गेले आणि हे झालं.

एखादा साधा दात काढायचा असेल तर आदल्या दिवशी आयएनआर बघतात. आकडा साडेतीनच्या आत असेल तर बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच दात काढता येतो. टाका घालतात, बोळा दाबून धरायला लावतात, रक्त थांबवणाऱ्या ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गुळण्या देतात. हिरडीचं रक्त दिसतं आणि दाबता येतं. झडपेवरची गुठळी दिसतही नाही, दाबताही येत नाही. मोठ्या ऑपरेशनसाठी गोळी थांबवतात हे खरं, पण तारखा डॉक्टर ठरवतात आणि गरज पडली तर मधल्या दिवसांत हेपॅरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणारी, इंजेक्शनं देतात.

पालेभाजी. इथे मेसेज पूर्ण खोटा नाही, नुसता आडमुठा आहे. मेथी, पालक, शेपू, करडई, हरभऱ्याची भाजी यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध खेचतं. पण घातक ठरते ती एकदम झालेली उलथापालथ. थंडीत मंडईत पेंढी स्वस्त झाली की रोज भाकरीवर करडईची भाजी, आणि उन्हाळ्यात महिनाभर हिरवं पानच नाही. आकडा वरखाली होणारच. आठवड्यात दोनदा खात असाल तर बारा महिने दोनदा खा, डॉक्टर त्यावर डोस बसवतील. भाजीपेक्षा मला भीती वाटते ती गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅकची. जुलाबावरच्या मेट्रोनिडाझोलनं आकडा चढतो, टीबीच्या रिफाम्पिसिननं कोसळतो. यांचं नाव मेसेजमध्ये नाही!

ऑपरेशनमधल्या ‘मुद्दाम रक्तस्रावा’बद्दल थोडक्यात. हृदय थांबवून रक्त यंत्राच्या नळ्यांतून फिरवताना हेपॅरिन दिलं नाही तर ते नळ्यांतच गोठेल. रक्त किती वेळात गोठतं हे तिथल्या तिथे मोजत राहतात. साधारण ४८० सेकंदांच्या वर गेल्याशिवाय यंत्र सुरू करत नाहीत. काम संपलं की प्रोटामिन देऊन हेपॅरिनचा परिणाम उतरवतात. तरीही काहींना रक्त जास्त जातं, क्वचित छाती पुन्हा उघडावी लागते. म्हणून नातेवाइकांना रक्ताची सोय करायला सांगतात. बिलाबद्दल शंका असेल तर जरूर विचारा, पण गोळी बंद करून बिल कमी होत नाही.

काकूंचं रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतलं, खुणेपर्यंत बरोबर. कमी भरलं तर आकडा खोटा चढतो. निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. काकूंची झडप मायट्रल, त्यांना अडीच ते साडेतीन हवा. आला १.४.

मी लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. बोलणं झालं, रात्रीचा डोस चिठ्ठीवर लिहून घेतला. दारात चप्पल घालताना काकू वळल्या.

“आणि हुरडा? पोरं शेतावर बोलावतायत.”

“हुरडा खावा. त्याच्यासोबत वाडगाभर लसणाची चटणी नको.”

“बरं,” म्हणाल्या, आणि पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून किती उरल्यात ते मोजायला लागल्या.