कॅप्सूलमधले दाणे म्हणजे बनावट औषध नव्हे

कोथरूडमधल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: नायट्यावरची इट्राकोनॅझोल कॅप्सूल उघडली की साबुदाण्यासारखे दाणे निघतात, त्यात औषधाचे स्फटिक नसतात, म्हणजे माल बनावट. हे चुकीचं आहे.

दाण्यांचा गाभा साखरेचाच असतो, तेवढं खरं. पण त्यावर औषध आणि पॉलिमर (लांबलचक साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ) यांचा एकत्र थर चढवलेला असतो आणि त्यात औषधाचे रेणू मुद्दाम विस्कळीत, म्हणजे अमॉर्फस ठेवतात. स्फटिकरूपातलं इट्राकोनॅझोल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही; मग ते अंगी लागणार कसं?

हा फरक घनावस्थेतल्या एनएमआरमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात पदार्थाच्या रेणूंची रचना तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत दिसतो. तिच्या आलेखात स्फटिकाच्या रेषा अरुंद, टोकदार. अमॉर्फसच्या पसरट, कारण तिथे प्रत्येक रेणूचा शेजार थोडा निराळा. स्वयंपाकघरात कॅप्सूल फोडून हे कळत नाही (आणि फोडलेली कॅप्सूल वाया जाते ती वेगळीच).

काळजी घ्यायची ती ओलाव्याची. ओल लागली की अमॉर्फस औषध हळूहळू पुन्हा स्फटिक होऊ शकतं. पुण्याच्या पावसाळ्यात कॅप्सूल पट्टीतून काढून डबीत भरून ठेवू नका. तरीही शंका असेल तर पट्टी आणि बिल घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.